आंबा गटातली श्रद्धा

बोरशेत, ता. खालापूर
रविवार, २७ जुलै २०२५

ती. स्व. इंदूआत्या हिस,
हर्षलाचा वाकून नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत, तुझी खुशाली कळव.

तुझ्या कानाच्या मशीनचं काय झालं? परवा फोन केला तर तू तिकडून नुसतं कोण, कोण करत राहिलीस आणि मी इकडून ओरडत राहिले. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणून हे पत्र. शिवाय जे लिहायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तुझं उत्तर माझ्याच हातात द्यायला पोस्टमनला सांगून ठेवलंय.

बातमी अशी की आपल्या श्रद्धाला शाळेत गणिताच्या सगळ्यात वरच्या गटात घातलंय. तू खूश होण्याआधीच पुढचं लिहिते. मला ते खरं वाटत नाही.

आमची शाळा तू पाहिली आहेस, दोन खोल्यांची. दुसऱ्या बाई बदली होऊन गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आता हरेश सर एकटे आणि पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं. सरांनी या महिन्यात एक चाचणी घेतली आणि दुसरी, तिसरी, चौथीच्या मुलांचे गणिताच्या तासापुरते तीन गट केले. इयत्ता बघायची नाही, कोणाला किती येतं ते बघायचं. भागाकारापर्यंत आलेली मुलं आंबा गटात. हातच्यावर अडणारी जांभूळ गटात. दशक-एकक अजून न कळलेली करवंद गटात. सर म्हणतात तिन्ही फळं गोडच. पण कुठलं फळ काय भावानं जातं ते पोरांना एका दिवसात कळलं.

श्रद्धा तिसरीत, आणि आंब्यात चौथीच्या पोरांबरोबर. सासूबाईंनी खोपोलीहून पेढे मागवले आणि आळीत वाटले. मी संध्याकाळी पाटी घेऊन तिला बसवलं. बावन्नातून सत्तावीस वजा कर म्हटलं. तिनं पस्तीस लिहिलं. त्रेसष्टातून अठ्ठावीस घातलं, तर पंचेचाळीस. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, काही नाही. मोठ्यातून लहान काढायचा आणि मोकळं व्हायचं. मग भागाकार कसा करतेस विचारलं, तर म्हणाली, साईराजच्या वहीत बघून. साईराज चौथीतला, तिच्या शेजारी बसतो.

आता माझ्या मनातलं लिहिते. हे गेल्या वर्षापासून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आले की आठवड्यातून एकदा तरी हरेश सर कागद घेऊन ओटीवर हजर. मी चहा घेऊन गेले की दोघांचं बोलणं थांबतं. समितीच्या ठरावाशिवाय आदर्श शिक्षकाच्या पुरस्काराला नाव जात नाही, असं बायकांत ऐकलं. मग सरांना ठराव पाहिजे आणि आमची पोरगी आंब्यात, हे दोन्ही एकाच महिन्यात कसं जमलं?

आणखी एक. वाडीवरची जयवंता आमच्याकडे लावणीला येते, तिची जनी श्रद्धाच्याच वर्गात आहे. भाताच्या आवणाच्या रोपांच्या मुठी खाचरात टाकायचं काम जनीकडे होतं. मी सहज विचारलं किती टाकल्या. तिनं न थांबता सांगितलं की ऐंशी काढल्या होत्या, त्यातल्या चौतीस अजून बांधावर आहेत, म्हणजे शेचाळीस गेल्या. मी मोजून बघितल्या. शेचाळीस होत्या. ही जनी करवंदात आहे, आत्या.

तू छत्तीस वर्षं शिकवलंस. मला वेडी म्हण, पण यात काय आहे ते सांग. तुझी माया आजवर होती तेवढीच पुढेही राहू दे.

तुझी,
हर्षला

•

कर्जत
३ ऑगस्ट २०२५

सौ. हर्षला हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. ‘व्यवस्थापन’ बरोबर लिहिलंस, ‘आशीर्वाद’ कुठे लिहिलाच नाहीस म्हणून सुटलीस. मशीन दुरुस्तीला दिलं आहे. त्याच्याशिवाय बरं चाललंय. भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही एवढंच.

तुला वेडी म्हणणार नाही. येतं तिथपासून शिकवायचं, ही गोष्ट वाईट नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तिसरीच्या वर्गात अर्ध्या मुलांना पहिलीचं येत नसे आणि आम्ही तिसरीचं पुस्तक वाचत पुढे जायचो. गट केले की निदान कोण कुठे अडलंय ते मास्तरला दिसतं. वाईट काय होतं ते सांगते. मुलाला ज्या गटात घातलं, त्या गटाचं नाव त्याच्या कपाळावर बसतं आणि मग कोणी पुसत नाही. म्हणून तीन गोष्टी बघ. चाचणी कुठल्या दिवशी झाली आणि त्या दिवशी कोण कोण हजर होतं. गट पुन्हा कधी बदलणार आहेत. आणि तासाला सर स्वतः कुठल्या गटात बसतात. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

घरात श्रद्धाला रागावू नकोस. तिला पस्तीस येतं याचा अर्थ ती विचार करत नाही असा नाही. सातातून दोन जातात, दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं जे जातं ते केलं. तिला अजून दशक सोडून दाखवलंच नाही कोणी. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांध आणि तिच्यासमोर एक जुडी सोड. लगेच नाही कळलं तर उद्या पुन्हा.

मास्तरवर मात्र इतक्या घाईनं संशय घेऊ नकोस. शाळा गावात असते गं, आणि गाव शाळेत शिरतं. शिक्षकाचा हात प्रत्येक वेळी त्याचा एकट्याचा नसतो.

पेढे कर्जतपर्यंत आले नाहीत ही तक्रार सासूबाईंना पोचव. तुला तिसरीतलं काही आठवतं का गं, माझ्या वर्गातलं? सहज विचारते.

गौरीला येशीलच. तोवर आठवण ठेव, म्हातारीला विसरू नकोस.

तुझी आत्या,
इंदू

•

बोरशेत
१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. इंदूआत्या हिस,
नमस्कार. आशीर्वाद या वेळी लिहिलाय, बघ बरोबर आहे का.

तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बघितल्या. शाळेतल्या आहाराची चव घ्यायला आयांची पाळी असते. माझी नव्हती, मी जयवंताची मागून घेतली. गणिताच्या तासालाच गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिथून दोन्ही खोल्या दिसतात.

सर कुठे होते सांगू? करवंद गटात. जमिनीवर मांडी घालून, भोवती काड्या, जुड्या आणि दहा-बारा पोरं. पाऊण तास ते तिथून उठले नाहीत. जांभूळवाल्यांना फळ्यावर गणितं घातली होती, मध्येच एकदा मान वर करून त्यांची विचारपूस केली. आंबा गट बाहेर पडवीत, सहा मुलं, हातात छापील पुस्तिका. साईराज भरभर लिहीत होता. श्रद्धा त्याच्या कोपराखालून बघून उतरवत होती. पाऊण तासात तिच्याकडे कोणी आलं नाही. तिनं मला बघितलं आणि वही झाकली. मला इतकं कसंतरी झालं, आत्या. चोरी पकडल्यासारखं तिला वाटलं असेल, आणि मला वाटलं चोरी आपलीच आहे.

तास सुटल्यावर सरांना विचारलं, चाचणीचा पेपर बघायला मिळेल का. ते म्हणाले, पेपर केंद्रावर दिलेत. मग म्हणाले, घरी आहेत. दोन वाक्यांत दोन ठिकाणं. गट कधी बदलणार विचारलं तर म्हणाले, दर महिन्याला बदलायचेत खरे, पण एकट्याला जमत नाही. आणि जनीचं विचारलं तेव्हा मात्र लगेच सांगितलं की ती त्या दिवशी हजरच नव्हती. बुधवारी, नऊ जुलैला. चाचणी नाही म्हणजे तळाचा गट, असा नियम आहे म्हणे.

घरी येऊन मी दिनदर्शिका काढली. नऊ जुलैला आमच्या खालच्या खाचराची लावणी होती. त्या दिवशी सकाळी मीच जयवंताला म्हटलं होतं, जनीला पण घेऊन ये, मुठी टाकायला हात पाहिजे. मी सरांवर संशय घेत फिरते आणि त्या पोरीला करवंदात मीच बसवलं.

पण त्यानं श्रद्धाचा उलगडा होत नाही. ती तर हजर होती. यांना विचारलं तर म्हणाले, पोरगी वर गेली तर तुला का टोचतंय, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. परवा सर परत आले होते. मी दाराआड उभी राहिले. मला ‘ठराव’ आणि ‘पंचायत समिती’ एवढंच ऐकू आलं. म्हणजे माझा अंदाज खरा निघतोय.

आता तुझं. तू चांगली दोन पानं लिहिलीस, पण शिक्षकाचा हात त्याचा एकट्याचा नसतो म्हणजे काय ते लिहिलं नाहीस. आणि तिसरीचं सहज विचारलंस. तू कधी काही सहज विचारत नाहीस. मला आठवतं ते असं: मी खिडकीजवळच्या पहिल्या रांगेत होते. हुशार पोरांची रांग होती ती. शेजारी अपेक्षा. गणित मला कधीच जड गेलं नव्हतं, ते पाचवीत कशेळ्याच्या शाळेत गेल्यावर एकदम बिघडलं. आप्पा म्हणायचे, हायस्कूलच्या मास्तरांनी पोरीचं वाटोळं केलं. दहावीला सगळे विषय सुटले, गणित राहिलं, आणि पुढच्या वर्षी लग्न. एवढंच. यात तुला काय हवंय?

उत्तर दे, आणि आडपडदा न ठेवता दे. माया तर तुझी आहेच, पण या वेळी त्याहून जास्त काहीतरी हवंय.

तुझी,
हर्षला

•

कर्जत
२४ ऑगस्ट २०२५

सौ. हर्षला हिस,
आशीर्वाद. तू आडपडदा नको म्हणालीस. हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

ज्या वर्षी तू तिसरीत होतीस, त्या वर्षी माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती. आत्तासारखे गट नव्हते, रांगा होत्या. पण हेतू तोच. पहिल्या रांगेला पुढचं द्यायचं, मधल्या रांगेला पुस्तकातलं, आणि भिंतीकडच्या रांगेला अंक आणि जुड्या. जून संपता संपता मी सगळ्यांना एकेकटं बोलावून तपासलं. तुला दशक सोडता येत नव्हतं. शून्य असलेली संख्या आली की तू थांबायचीस. तुझी जागा भिंतीकडच्या रांगेत होती, आणि मी तुला तिथे बसवलंही होतं. चार दिवस.

पाचव्या दिवशी तुझे आप्पा माझ्याकडे आले. मला दादाचा शब्द कधी मोडता आला नाही, हे तुला ठाऊक आहे. माझं शिक्षण त्यानं केलं. डी.एड.ला मला सोडायला तोच आला होता. म्हणाला, इंदू, लोक म्हणतात बहीण मास्तरीण आणि भावाची पोरगी ढ. तू तिला वर बसव, ती येईल शिकत शिकत. मी म्हटलं, दादा, तिला वेळ लागेल, तिला माझ्याजवळ राहू दे. तो नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी तुला खिडकीजवळ नेलं, अपेक्षाच्या शेजारी.

तू तिच्या वहीतून उतरवतेस हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. तुला घरी बोलावून शिकवीन असं दर रविवारी ठरवायची. वर्ष गेलं. चौथीला तुझी पहिली रांग आपोआप चालू राहिली, कारण तू आधीच पहिल्या रांगेत होतीस. पाचवीत काही बिघडलं नाही, हर्षला. ते तिसरीतच बिघडलं होतं, आणि मला माहीत होतं. हायस्कूलच्या मास्तरांना दादा शिव्या द्यायचा तेव्हा मी शेजारी बसून चहा प्यायची.

दादा गेला, म्हणून हे त्याच्यावर ढकलते असं समजू नकोस. तो बाप होता, त्याला गणित कळत नव्हतं. मला कळत होतं.

म्हणून सांगते, तुझ्या हरेश सरांनी पेपराची दोन ठिकाणं सांगितली त्यात मला खोटेपणापेक्षा लाज दिसते. कोणीतरी त्यांच्यासमोरही नुसतं उभं राहिलं असेल. पुरस्काराचं मला माहीत नाही. पण तू पहिला प्रश्न सरांना विचारलास, तो दुसऱ्या कोणाला विचारायचा होता का, एवढं बघ.

गौरीला ये असं आता कुठल्या तोंडानं लिहू? यावंसं वाटलं तर ये.

इंदूआत्या

•

कर्जत
१० सप्टेंबर २०२५

सौ. हर्षला हिस,
आशीर्वाद. गौरी आल्या आणि गेल्या. तू आली नाहीस, श्रद्धालाही पाठवलं नाहीस. तुझ्या भावानं फोन केला होता. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण त्याच्या आवाजात तू ठीक आहेस असं वाटलं.

पत्र पोचलं का, एवढंच विचारायला हे कार्ड. ‘पोचलं’ असा एक शब्द टाकलास तरी चालेल. मशीन दुरुस्त होऊन आलं आहे. घरात ऐकण्यासारखं काही नसताना ते लावून बसते.

इंदूआत्या

•

बोरशेत
२८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. इंदूआत्या हिस,
नमस्कार. पत्र पोचलं. कार्डही पोचलं.

गौरीला आले नाही ते मुद्दाम. येऊन काय बोलले असते ते मला कळत नव्हतं. एकतीस वर्षांची झाले, आत्या. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी हुशार होते आणि मग माझ्यात काहीतरी सडलं. अपेक्षाच्या वहीतून उतरवायची हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते पाप माझं एकटीचं. तू मागून सगळं बघत होतीस. तुझा राग आला, अजून आहे. आप्पांचा येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

पहिला प्रश्न कोणाला विचारायचा होता, ही तुझ्या पत्रातली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग आनंत चतुर्दशी झाल्यावर, घरात पाहुणे नव्हते, यांची पाळी दुपारची होती, तेव्हा सकाळी भाकरी वाढताना सरळ विचारलं की श्रद्धाला वर घालायला सरांना तुम्ही सांगितलंत का. यांनी ताट पुढे सरकवलं. मी तवा खाली उतरवून बसले. शेवटी म्हणाले, हो. चाचणीत तिला वीसपैकी सात होते. सरांनी करवंदात घातली होती आणि यांना येऊन नीट समजावलंही होतं की तिथेच तिला शिकायला मिळेल. हे म्हणाले, अध्यक्षाची पोर तळाला कशी. सर दुसऱ्या शिक्षकाची मागणी करायला समितीचा ठराव मागत होते, तोच यांनी आधी तिला वर घ्या म्हणून अडवला आणि नंतरही लांबवत ठेवला. पुरस्कार वगैरे काहीच नव्हतं. एकट्यानं एकतीस पोरं ओढणारा माणूस आणखी एक माणूस द्या म्हणत होता, आणि मी दाराआड उभी राहून त्याला लबाड ठरवत होते.

मी यांना बोलले, फार बोलले. ते सगळं लिहीत नाही. पण त्यांनी एक वाक्य म्हटलं ते तुला सांगायला पाहिजे. मान खाली घालून म्हणाले, “मला चौथीपर्यंत ढ म्हणून हाक मारायचे. नाव घ्यायचे नाय. माझ्या पोरीला कोणी तसं म्हणू नये, एवढंच केलं मी.”

आत्या, मला आप्पा दिसले. आप्पांना कोणी कधी विचारलंच नाही, तुला काय म्हणायचे म्हणून.

मी त्यांना तुझं पत्र वाचायला दिलं. तुझी परवानगी घेतली नाही. त्यांनी ते ओटीवर बसून वाचलं, घडी घालून परत दिलं आणि कामावर गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले ते मला न सांगता. ठराव झाला, सही झाली. गट बदलायचं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. ते मी सांगितलं. सरांसमोर, सगळ्या आयांसमोर, पालकसभेत. म्हटलं, माझ्या पोरीची पुन्हा चाचणी घ्या, आणि जनीची पण घ्या, ती त्या दिवशी माझ्या शेतात होती. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

सर खाली बघत होते. मला वाटतं त्यांना बरं वाटलं. पण मी आता माझ्या अंदाजांवर फार भरवसा ठेवत नाही.

तुला विसरले नाही, एवढं आज पुरे समज.

हर्षला

•

कर्जत
५ ऑक्टोबर २०२५

सौ. हर्षला हिस,
आशीर्वाद. पुरे आहे. त्याहून जास्त आहे.

माफी मागत नाही, कारण मागितली तर ती द्यायचं ओझं तुझ्यावर पडेल. राग असू दे. रागात पत्र लिहितेस ते चालेल, न लिहिणं नको.

रूपेशरावांना पत्र दाखवलंस ते बरं केलंस. त्यांना सांग, ढ हे अक्षर आहे, माणूस नाही. आणि श्रद्धाला खाली उतरवताना जपून. ती तिसऱ्या दिवशी शाळेला नाही म्हणेल. तिला सांगू नका की तू कच्ची आहेस म्हणून तिकडे. सांगा की सर तिथे बसतात म्हणून तिकडे. ते खरंही आहे.

‘अनंत चतुर्दशी’. तू ‘आनंत’ लिहिलंस. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

तुझी,
आत्या

•

बोरशेत
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. इंदूआत्या हिस,
नमस्कार. दिवाळी झाली, भात झोडून झालं, पेंढा रचायचा राहिलाय. चकल्या भावाबरोबर पाठवल्या त्या तुला चावता येतील इतक्या मऊ होत्या का कळव.

चाचणी झाली. श्रद्धा करवंदात गेली आणि तू म्हणालीस तसंच झालं, फक्त तिसऱ्या नाही, दुसऱ्याच दिवशी पोट दुखतंय म्हणाली. साईराजनं तिला करवंदी म्हणून चिडवलं होतं. मी तिला तुझं वाक्य सांगितलं, सर तिथे बसतात म्हणून. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, मला वर ठेवायला पप्पांनी सांगितलं होतं, मला माहितीये, साईराजच्या आईनं सांगितलं. म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि मी एकटीच दाराआड उभी होते. यांनी त्या दिवशी सुट्टी टाकली, तिला हाताला धरून शाळेत नेलं आणि स्वतः करवंद गटात सरांच्या पलीकडे मांडी घालून बसले. तास संपेपर्यंत. घरी येऊन म्हणाले, त्या काड्यांचं आमाला कोणी दाखवलं नव्हतं.

शाळेला नाही म्हणणं पुढे आठवडाभर चाललं, मग थांबलं. काल तिनं सत्तरातून अडतीस वजा केले. आधी एक जुडी सोडली, दहा काड्या सुट्या केल्या, आठ उचलल्या, मग तीन जुड्या बाजूला सारल्या. उरलेल्या बोटानं मोजल्या. मग बत्तीस म्हणाली आणि मला न दाखवता परत पहिल्यापासून करून बघितलं. तिला स्वतःचंच उत्तर तपासायचं होतं. आंब्यात असताना तिनं असं कधी केलं नव्हतं.

जनी जांभळात गेली, आंब्यात नाही. तोंडी तिला सगळं येतं, लिहिताना शंभराच्या पुढे आकडे उलटे पडतात. सर म्हणाले, ते महिन्याभरात सुटेल. पण जयवंता माझ्याकडे आली ती खूश होऊन नाही. दारातच उभी राहून विचारत होती, “माझ्या पोरीला वर का घातली, वहिनी? आमच्याकडं काय काम हाय तुमचं?” दोन महिने मी हाच प्रश्न सरांबद्दल विचारत होते. मी तिला बसायला सांगितलं आणि नऊ जुलैचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी चाचणी हाय हे जनीनं सांगितलं होतं, पण तुमी बोलावलंत म्हणून आणली. मी बोलावलं म्हणून. मग चहा न घेता गेली. दर वर्षी दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जाते आणि जनीची शाळा सुटते. या वर्षी जनी आजीजवळ वाडीवरच राहिली आहे. माझ्या सांगण्यामुळे की सरांच्या, की तिच्या स्वतःच्या हट्टामुळे, ते जयवंतानं मला सांगितलं नाही. सांगायची तिला गरजही नाही.

दुसऱ्या बाई अजून आलेल्या नाहीत. ठराव पंचायत समितीत पोचलाय म्हणतात. हे दर सोमवारी जाऊन विचारून येतात.

आता माझं. श्रद्धाला जुड्या सोडून दाखवताना मला कळलं की मलाही पुढचं येत नाही. तीनशेमधून एकशे सत्तर काढायला बसले आणि मधल्या शून्याशी थांबले, अगदी तू लिहिलंस तशी. लेक समोर बघत होती. मी तिला म्हटलं, आईला हे येत नाही, आईला शिकायचंय. ती हसली नाही. काड्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

शनिवारी यांची सकाळची पाळी असते. नऊ वाजता इकडून निघाले तर अकराला कर्जतला पोचेन आणि चार वाजेपर्यंत थांबता येईल. दर शनिवारी येईन म्हणते. दहावीचा राहिलेला विषय वगैरे नंतर बघू, ते आता डोक्यात नाही. येत्या शनिवारपासून सुरू करू. मशीन कानाला लावून ठेव, कारण मी फार प्रश्न विचारणार आहे. राग थोडा बरोबर घेऊन येईन, तो तुला चालतो असं तूच लिहिलंयस.

एकच मागणं आहे. मला काय येतं ते विचारू नकोस. आधी मला काय येत नाही ते नीट बघ, आणि तिथून धर.

माया होती तशी असू दे, मी ती घ्यायला येते आहे.

तुझी,
हर्षला